सहा पिळांची गाठ

माझ्या वडिलांनी मला ज्या गोष्टी शिकवल्या त्यातली एकच मला पुरती आली, ती म्हणजे गळाला तंगूस बांधायची गाठ. आणि तिच्यावरूनच मी त्यांना मान खाली घालायला लावली. याचा राग अजून गेलेला नाही. त्यातला निम्मा एका माणसाचा आहे आणि निम्मा माझा स्वतःचा.

आमचं घर पुणतांब्याला, नदीच्या अंगाच्या आमच्या वस्तीत. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते साखर कारखान्यात कामाला होते, आणि कारखान्यातून सुटले की गोदावरीवर. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव ह्याच नदीत सोडले होते. आबा म्हणायचे, "देव दिले, मासे घेतले. सौदा काय वाईट न्हाई." कारखान्याचं काम सुटल्यावर तर ते दिवसभर बंधाऱ्याच्या खालच्या खडकांवरच दिसायचे.

त्यांची गाठ अशी. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. तो गळाच्या नेढ्यातून ओवायचा. ओवलेलं टोक मूळ दोऱ्याभोवती गुंडाळत सहा पीळ द्यायचे. मग टोक मागे आणून नेढ्याजवळच्या बारक्या फटीतून काढायचं, आणि त्याने जो मोठा फासा तयार होतो त्यातून परत एकदा. इथवर कुणालाही जमतं. खरं काम यानंतर. गाठ आवळायच्या आधी ती ओठात धरायची, थुंकीने ओली करायची आणि मग सावकाश ओढायची. कोरडी ओढली तर दोरा दोऱ्यावर घासून तापतो आणि आतल्या आत कमजोर होतो. वरून गाठ छान दिसते, मोठा मासा लागला की कळतं. मी एकदा विचारलं होतं, पीळ सहाच का, पाच का नाही? आबा म्हणाले, "पाचात मासा इच्यार करतो. सहात करीत न्हाई." बांधून झालेला गळ ते दाराच्या कडीत अडकवून जोर लावून बघायचे. कडी वाजली की आई आतून म्हणायची, चालले नदीला.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. जवळच खोली घेऊन राहायचो आणि सुट्टीला घरी जायचो. आमच्या शिफ्टला एक टर्नर होता, पारनेरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. जमीन बरीच आणि पाणी नावाला. एका सुट्टीला तो कुणाकुणाबरोबर मुळा धरणावर मासे धरायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही हात ताणून सगळ्यांना सांगत सुटला, "एवढा व्हता राव! तंगूस तोडून गेला." पुरावा म्हणून दोऱ्याचं टोक आणलं होतं. मी ते हातात घेऊन बघितलं. टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पिळा पडलेला.

"तंगूस तुटलं नाही," मी म्हणालो. "तुझी गाठ निसटली."

तुटलेला दोरा टोकाला सरळ असतो. गाठ सुटून आलेल्या दोऱ्यात मात्र पिळांचा आकार तसाच राहतो. हे आबांनी मला न सांगताच शिकवलं होतं. त्यांच्या शेजारी बसून चार लोकांचे दोरे बघितले की कळायचं. टर्नरने टोक परत घेतलं, निरखलं आणि खो खो हसला. "आयला, तू तर पोस्टमार्टेमच करतो की!" त्या दिवसापासून आमचं जमलं.

खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. मला हिवताप झाला तेव्हा त्याने माझ्या दोन शिफ्ट ओढल्या. सुपरवायझर मला एकदा वाटेल ते बोलला तेव्हा मशीन बंद करून मधे पडला होता. गावाहून शेंगा आणायचा, त्यातला मोठा वाटा माझ्या पिशवीत. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडलं की पहिली चतकोर मला. मी माझा डबा पुढे केला की मात्र काहीतरी निघायचं. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, चतुर्थीला उपास, आणि उरलेल्या वारी ॲसिडिटी. एवढे उपास देवालाही झेपले नसते. पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. दिसलं नाही असं म्हणतो खरं, पण बघायचंच नव्हतं हे जास्त बरोबर.

कारण मला त्याला घरी जेवायला न्यायचं होतं. ह्यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याच्या घरी लोक न विचारता जेवत असतील. आमच्या घरात तोवर वस्तीबाहेरचं कुणी ताटावर बसलं नव्हतं. ग्रामसेवक यायचे, मास्तर यायचे, मतं मागायला तर सगळेच यायचे. ते खाटेवर बसायचे, आईच्या हातचं पाणी नको म्हणायचे आणि निघायचे. माझ्या तोंडून टर्नरचं नाव सारखं यायचं, म्हणून आईने एकदा चुलीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "त्यो तुझा दोस्त यील का रं आपल्यात जेवाय?" मी म्हणालो, न यायला काय झालं? आणि तेव्हापासून तेच माझ्या डोक्यात बसलं.

दरम्यान त्याचे गळ मीच बांधून द्यायला लागलो होतो. त्याला शिकवायला गेलो, पण त्याला दम नव्हता. दोन-तीन पीळ दिले की टोक कुठूनतरी घुसवायचा आणि खसकन ओढायचा. शेवटी म्हणाला, "तूच दे गड्या बांधून." सुट्टीच्या आदल्या दिवशी मी त्याला चार-पाच गळ बांधून द्यायचो. एकदा गाठ ओठात धरली तर तो म्हणाला, "तोंडात कशाला घालतो? गंज असतो त्याला. धनुर्वात व्हईल. पान्यात बुडव की."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, माझी किती काळजी. घरी गेल्यावर कौतुकाने सांगितलंसुद्धा. आई हसली. आबा फक्त म्हणाले, "गंज गळाला अस्तो, तंगुसाला थोडाच अस्तो?" मी ते कानाआड केलं. पुढच्या वेळी गळ बांधताना मी चहाच्या कपात पाणी घेऊन बसलो.

पाण्याने भिजवलेली गाठही तितकीच पक्की बसते, हे मला मान्य आहे. गाठीला ओल पाहिजे, ती कशाची का असेना. पण मी पाणी गाठीसाठी घेतलं नव्हतं. कप जवळ असला की तो माझ्या शेजारी मोकळेपणाने बसायचा, गळ हातात घेऊन ‘वा’ म्हणायचा, खिशात टाकायचा. कप नव्हता तेव्हा तो गळ कागदात गुंडाळून न्यायचा. हा फरक मला कळत होता. कळूनही मी कप दर वेळी धुऊन ठेवत होतो.

दिवाळी झाली, नदी निवळली, आणि एका सुट्टीला तो यायला तयार झाला. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही पुणतांब्याला उतरलो. आईने आदल्या दिवशीच घर सारवून घेतलं होतं. शेजारून नक्षीची दोन ताटं आणली होती, आमची ताटं पोचे पडलेली म्हणून. पाट्यावर मसाला वाटून तयार होता. फक्त मासा यायचा होता. आईने चहा विचारला तर तो म्हणाला, "आत्ताच ठेसनावर घेतला मावशी." स्टेशनवर आम्ही चहा घेतला नव्हता. त्याने ‘मावशी’ म्हटलं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आबा दारात बसून गळ बांधत होते. पाहुण्याला मरळ मिळावी म्हणून त्यांनी जाड तंगूस काढलं होतं. मरळ म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा, काटे कमी आणि ताकद म्हशीची. त्यांनी पीळ दिले, टोक ओवलं, आणि गाठ ओठांकडे नेली. मी पटकन आत गेलो, वाटीत पाणी घेतलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

आबांनी वाटीकडे पाहिलं. "कुनाला तहान लागली?"

"गाठ भिजवायला, आबा. गळाला गंज असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो बाहेरच्या लिंबाकडे बघत होता, जणू त्याने आयुष्यात लिंब पाहिला नव्हता. आबांनी गाठ तोंडात धरली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरली असं मला वाटलं. मग सावकाश आवळली, गळ कडीत अडकवून दोनदा ओढला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या. ही जायची न्हाई."

वाटी तशीच दारात राहिली. कोंबडी त्यातलं पाणी प्यायली.

नदीवर गेल्यावर तो म्हणाला, "मी तिकडं बाभळीखाली बसतो, सावली हाय." बाभळ आमच्यापासून पन्नास पावलांवर, मधे एक खडक. मरळीला जिवंत बेडकी लावतात. आबांनी त्याला एक दिली. त्याने ती उघड्या हाताने धरली, तिचा चिकटा पँटला पुसला आणि हसत हसत गेला. ओल्या चिखलातली बेडकी हातात धरायला त्याला काही वाटलं नाही, हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

अर्ध्या तासात त्याची आरोळी आली. मी धावत गेलो. वेळूची काठी कमानीसारखी वाकली होती आणि पाण्यात काळी पाठ एकदा वर येऊन गेली. एवढी मरळ मी त्या पात्रात क्वचित पाहिली होती. "वढू नको, जाऊ दे, दमू दे तिला," आबा मागून ओरडत होते. ते पळत येत होते, त्या वयात, खडकांवरून, अनवाणी. मला त्या क्षणी फक्त ताट दिसत होतं, आईने मागून आणलेलं नक्षीचं ताट आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसलेला तो.

काठी एकदम सरळ झाली.

दोरा वाऱ्यावर हलत परत आला. टर्नर डोक्याला हात लावून खाली बसला. "गेली! तोडलं काका तिनं." आबांनी दोरा हाताने ओढून घेतला, टोक बोटांत धरलं, आणि माझ्यापुढे केलं. त्याला डुकराच्या शेपटीसारखा पिळा होता.

"ही माझी गाठ न्हाई," ते एवढंच म्हणाले, तेही मला, हळू. मग ते आपल्या जागेकडे परत गेले.

टर्नर हातपाय धुवायला पाण्याकडे गेला. मी बाभळीखाली बघितलं. फार शोधावं लागलं नाही. खडकाच्या खोबणीत अर्धं ब्लेड पडलं होतं आणि त्याच्याशेजारी नखाएवढा तंगुसाचा तुकडा. नेढ्यातला वेढा कापलेला, पण वरचे पीळ जसेच्या तसे घट्ट. मी मोजले. सहाच्या सहा होते. त्याने आबांची गाठ कापून फेकली होती आणि नदीच्या पाण्यात बुडवून स्वतःची बांधली होती. दोन-तीन पिळांची, नेहमीसारखी. बेडकीचा चिकटा त्याला चालला, माशाच्या तोंडात गेलेला गळ त्याने घरी नेऊन देवळीत ठेवला असता. चालली नाही ती माझ्या बापाची थुंकी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी हातात घेऊन पाहिलं.

मी तो तुकडा खिशात टाकला. का टाकला, बोललो का नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. मला वाटलं, अजून जेवण व्हायचं आहे.

आबांच्या पिशवीत वीत-वीत लांबीचे चार मासे होते, कालवणाला पुरेसे. आईने चूल पेटवली. तो म्हणाला, "मावशी, पोटात गोळा आल्यावानी झालंय. मी दुपारच्या गाडीनं निघतो." आईला खरंच वाटलं. ती म्हणाली, उन्हात बसलास, पित्त झालं असेल. तिने कागदात ओवा बांधून दिला, वर मिठाचे चार खडे. त्याने पुडी खिशात ठेवली. ती खाल्ली की टाकली मला माहीत नाही, मी त्याला स्टेशनपर्यंत सोडलं आणि गाडी यायच्या आधीच वळलो. घरी आलो तर आई शेजारची ताटं धुऊन पुसत होती, न वापरलेली. परत द्यायची म्हटल्यावर धुवायला नकोत का, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना गोळा केलं. दोन्ही हात ताणून मरळ दाखवली. "पन काय उपेग? ह्याच्या वडलांनी बांधलेली गाठ. निसटली राव! लई नाव ऐकलं व्हतं." सगळे हसले. एक जण मला म्हणाला, "काय फिटर, घरचीच गाठ ढिली का?" चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी ऐकत होतो, आणि माझा हात खिशात होता. बोटांना ते सहा पीळ लागत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. माझी मूठ झाकलीच राहिली. मी हसलो. सगळ्यांबरोबर हसलो, आणि त्याने पुढे केलेली चतकोर भाकरी घेतली.

पुढच्या सुट्टीला मी घरी गेलो. आबा दारात बसून जुन्या गळांवरचा गंज वाळूने घासत होते. मी शेजारी बसलो. त्यांनी हातातला गळ घासून संपवला. मग म्हणाले, "काय म्हनतो तुझा दोस्त?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सगळं सांगितलं. तो चारचौघांत काय म्हणाला, लोक कसे हसले. आणि पाकिटातून तो तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने पीळ उचकून पाहिले. एकही हलला नाही. त्यांच्या तोंडावर क्षणभर समाधान दिसलं, काम चोख झाल्याचं.

"त्यानं हे सांगितलं तवा ही गाठ कुठं हुती?"

"खिशात."

"मंग तू काय म्हनला?"

"काही नाही."

आबांनी तुकडा परत माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

"त्याला बांधता येत न्हाई, म्हनून त्याची सुटली," ते म्हणाले. "तुला तर येत हुती."